डबा धर्माचा, भाजी दामाची

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे, 'साथीच्या काळातील डबा निधीची शिल्लक आणि पुढील धोरण'. शिल्लक फार मोठी नाही, 11,400 रुपये आहे. तेवढ्या पैशासाठी जिल्हाभरातून आलेल्या माणसांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. पण या विषयावर आपल्याच काही तरुण कार्यकर्त्यांची एक सूचना आली आहे. पुन्हा साथ आली, महापूर आला, तर वर्गणी गोळा करत बसायचे नाही. गावागावातून भाजीपाला फुकट गोळा करायचा, रुग्णालयात पोचवायचा आणि प्रत्येक डब्यावर 'बळीराजाची सप्रेम भेट' असे लिहायचे, अशी ती सूचना आहे. सूचना देणाऱ्यांच्या मनाचा मोठेपणा मला मान्य आहे. तरीही मी या सूचनेच्या विरोधात बोलायला उभा राहिलो आहे. कारण हा प्रयोग मी स्वतः करून बसलो आहे, आणि तो चुकला होता.

पाच दिवसांची चूक

25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली. त्या आधीच अफवांनी कोंबडीवाल्यांचे कंबरडे मोडले होते. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी आवई उठली आणि पक्ष्याला खाद्याचा खर्चही सुटेना. मग बाजार समित्या कधी चालू, कधी बंद. आठवडी बाजार बंद, हॉटेले बंद, लग्ने बंद. दूध उतू जाऊ लागले, तेव्हा राज्य सरकारने दररोज दहा लाख लिटर दूध 25 रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. भाजीची मात्र भुकटी होत नाही. वांगी, टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची शेतातच सडली. अनेकांनी उभ्या पिकात जनावरे सोडली, रोटर फिरवला. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे.

त्याच दिवसांत जिल्ह्याच्या रुग्णालयातली एक परिचारिका, आपल्याच एका कार्यकर्त्याची बहीण, तिचा निरोप आला. कोरोना कक्षात ड्युटी लागलेल्यांना घरी जाता येत नव्हते. राहण्याची सोय एका वसतिगृहात केली होती. उपाहारगृह बंद, बाहेरची खाणावळ बंद. दानशूर लोक बिस्किटांचे पुडे, फरसाण आणि पुरी-भाजी आणून देत, फोटो काढून जात. रात्रपाळीला तर तेही नसे. अंगावर तो प्लास्टिकचा पोशाख चढवला की पाच-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. बाहेर आल्यावर घामाने निथळलेल्या माणसाने फरसाण खायचे!

मला वाटले, एकीकडे भाजी सडते आहे, दुसरीकडे माणसे उपाशी आहेत. मध्ये फक्त एक टेंपो पाहिजे. मी चार गावांत फोन केले. दुसऱ्या दिवशी भाजीचे ढीग लागले. पाच दिवस आम्ही ती भाजी शिजवून पोचवली. वाहवा झाली. गॅस, तेल, टेंपो यांचा खर्च आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी खिशातून केला.

सहाव्या दिवशी सकाळी मी एका मावशींच्या बांधावर वांगी न्यायला गेलो. त्यांनी क्रेट भरून ठेवले होते. देताना म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? डाक्टरला पगार हाय, नर्सबाईला पगार हाय. टेंपोवाल्यानं भाडं घेतलं, गॅसवाल्यानं टाकीचं पैसं घेतलं. घेतलं तर बरोबरच केलं. मग सगळ्यांचा धर्म माझ्याच वांग्यावर का वो?"

मला उत्तर देता आले नाही. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी वीस वर्षे देत आलो आहे. आणि संकट आल्याबरोबर मी पहिला हात कोणापुढे पसरला, तर जो सगळ्यात जास्त बुडालेला होता त्याच्यापुढे. तो नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणूनच. व्यापारी त्या आठवड्यात वांग्याला किलोमागे तीन रुपये देत होता. मी शून्य देत होतो. आणि वर मीच संघटनेचा माणूस!

साठ रुपयांचा हिशेब

त्या दिवशी आम्ही टेंपो थांबवला आणि वहीपेन्सिल घेऊन बसलो. कृषी महाविद्यालयात शिकलेल्या उत्पादन खर्चाचा उपयोग एकदाचा बरा झाला. वांग्याची तोडणी, क्रेट, हमाली, भाडे यालाच किलोमागे पाच रुपये लागत होते. रोपे, खत, औषध, पाणी, मशागत आणि घरच्यांची मजुरी धरली तर चौदा. त्यात गुंतवणुकीचे व्याज, जमिनीचा खंड आणि घर चालावे एवढी शिल्लक मिळवली की वीस रुपये. म्हणून भाजीला सरसकट वीस रुपये दर धरला.

मग डबा ठरवला. आलेली भाजी पाहून डबा ठरवायचा नाही. खाणाऱ्याची गरज पाहून ठरवायचा. दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची किंवा मुगाची उसळ, 150 ग्रॅम भाजी, दोन उकडलेली अंडी, दही किंवा ताक, एक शेंगदाण्याचा लाडू आणि एक लिंबू. अंडी न खाणाऱ्याला उसळ जास्त आणि दही जास्त. मटकी असो की शेंगदाणा, त्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिने असतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास. सहा तास घाम गाळलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि पोटाला आधार लागतो, आणि तो या डब्यात होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या काळात 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून काढ्यापासून लाडवापर्यंत काय वाट्टेल ते विकले गेले. आपल्यातल्याही काहींनी 'आमची सेंद्रिय भाजी खा, कोरोना पळवा' अशा पाट्या लावल्या. चांगल्या जेवणाने कोरोना टळत नाही. चांगल्या जेवणाने माणूस पाळी पुरी करू शकतो, चक्कर येऊन पडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहतो. आपला दावा एवढाच होता आणि एवढाच असावा.

आता एका डब्याचा खर्च ऐका. ज्वारी, कडधान्य, भाजी, अंडी, दही, शेंगदाणे, लिंबू असा शेतातून आणि गोठ्यातून आलेला माल 33 रुपये. तेल, मसाला, गूळ आणि गॅस 8 रुपये. रांधणाऱ्या बायांची मजुरी 12 रुपये. वाहतूक आणि बांधणी 7 रुपये. बेरीज 60 रुपये.

रोज 120 डबे. दिवसाला 7,200 रुपये. चाळीस दिवस हे चालले. एकूण खर्च 2,88,000 रुपये. त्यातले 1,58,400 रुपये शेतकऱ्याच्या घरात गेले.

आता फुकट भाजीचा हिशेब करा. 120 डब्यांना रोज भाजी लागत होती 18 किलो, म्हणजे एक क्रेट. वीस रुपये दराने 360 रुपये. डब्यामागे 3 रुपये. साठातले तीन! चाळीस दिवसांचे 14,400 रुपये. पावणेतीन लाखांहून मोठ्या कामात एवढे पैसे वाचवण्यासाठी आपण बुडालेल्या शेतकऱ्याला दाता करत होतो. बाकीचे 57 रुपये कोणाला तरी उभे करावेच लागणार होते. मग तीन रुपयांनी असे काय घोडे मारले होते?

वर्गणी कशी जमली

काहींना भीती होती की टाळेबंदीत वर्गणी कोण देणार. अनुभव उलटा आला. 'मदत करा' असे म्हटले की माणूस शंभर शंका काढतो. 'एक डबा साठ रुपये, त्यातले तेहतीस शेतकऱ्याला' असा कागद दाखवला की तो विचारतो, किती डबे लिहू? शिक्षकांनी दिले, खत-औषधांच्या दुकानदारांनी दिले, पुण्यामुंबईत नोकरीला गेलेल्या आपल्या पोरांनी दिले. ज्यांचा पगार चालू होता त्यांच्याकडेच आम्ही आधी गेलो. ज्यांचे उत्पन्न बंद होते त्यांच्याकडे गेलो नाही.

एकूण 2,99,400 रुपये जमले. रोजचा जमाखर्च चावडीच्या फळ्यावर लिहिला आणि त्याचा फोटो देणगीदारांना पाठवला. एकाही देणगीदाराने पावतीपलीकडे काही विचारले नाही, कारण विचारायला काही शिल्लकच नव्हते.

पैशाबाबत एक सावधगिरीची गोष्ट पुढच्यांसाठी नोंदवतो. परदेशातल्या पोरांचे फोन आले की आपण हुरळतो. विदेशी अंशदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही. परदेशात राहणारा पण भारतीय नागरिक असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत देतो, ते विदेशी अंशदान धरले जात नाही. तिकडचे नागरिकत्व घेतलेल्याचे धरले जाते. तेव्हा पैसे घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा, 'बाळा, पासपोर्ट कुठला?'

खरेदी कोणाकडून, हा दुसरा कळीचा प्रश्न होता. बाजारात तीन रुपये आणि आपण वीस देणार म्हटल्यावर कार्यकर्त्यांच्या भाऊबंदांचीच वांगी आधी जातील, हा संशय येणे साहजिक होते. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. चाळीस दिवस, चाळीस शेतकरी, प्रत्येकाचा एक क्रेट. 2016 साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला होता, त्यामुळे थेट बांधावरून घेण्यात कायद्याची अडचण नव्हती. कोणी म्हणेल, एका क्रेटचे 360 रुपये मिळाल्याने कोणाचे कर्ज फिटले? कोणाचेही नाही. डबा निधीने बाजार सावरत नाही, आणि तसे आपण कधी म्हणू नये. पण चाळीस घरांना त्या उन्हाळ्यात कोणीतरी त्यांच्या मालाचा खर्च काढून दाम दिला. तो दाम काय असतो, हे एकदा पावतीवर लिहिलेले त्यांनी पाहिले.

रांधणाऱ्या सहा बायांना रोज 240 रुपये दिले. 'सेवेचे काम आहे, बाया फुकट रांधणार नाहीत का?' असे विचारणारे भेटले. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 238 रुपये होता. त्याच्यापेक्षा दोन रुपये जास्त आम्ही दिले, यात उपकार काही केला नाही. शेतकऱ्याच्या घामाला दाम मागणारी संघटना शेतकरी बाईच्या घामाला सेवा म्हणू लागली, तर आपण शहरी पुढाऱ्यांपेक्षा वेगळे कसे?

ज्यांची नावे यादीत नव्हती

आणखी एक चूक आमची झाली. रुग्णालयातून आलेल्या यादीप्रमाणे आम्ही सुरुवातीला डबे दिले. त्यात डॉक्टर होते, परिचारिका होत्या. तिसऱ्या दिवशी डबे उतरवताना सफाई कामगार बाजूला उभे राहिलेले दिसले. ते कंत्राटी होते, म्हणून यादीत नव्हते. रुग्णवाहिकेचा चालक नव्हता. मयत बांधणारे दोघे नव्हते. ज्यांच्या हातून सगळ्यात घाण आणि सगळ्यात धोक्याचे काम होत होते, त्यांचीच नावे नव्हती. पुढे आम्ही नियम केला, पाळीवर जेवढी माणसे तेवढे डबे, हुद्दा विचारायचा नाही. हे आपल्याला वेगळे शिकवायला नको. कागदावर नाव नाही म्हणून मदत नाही, हा अनुभव खंडाने जमीन करणाऱ्याला आणि नावावर सातबारा नसलेल्या बाईला दर दुष्काळात येतो.

याच रांगेत आशाताई येतात. घरोघर फिरून तपासणी त्यांनी केली, आणि मानधन वाढवून मागण्यासाठी जून 2021 मध्ये राज्यातल्या हजारो आशांना संपावर जावे लागले. त्यांना लोक 'योद्ध्या' म्हणत होते. आपल्याला 'अन्नदाता' म्हणतात. मंडळी, ज्याला दाम द्यायचा नसतो त्याला पदवी देतात, हे ओळखून असा.

तिकडे काय झाले

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्याचा नाही. मार्च 2020 मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला काही स्वयंसेवकांनी 'फ्रंटलाइन फूड्स' नावाचे काम सुरू केले. लोकांकडून वर्गणी घ्यायची, बंद पडायला आलेल्या उपाहारगृहांकडून त्या पैशाने जेवण विकत घ्यायचे आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना पोचवायचे. बघता बघता ते अनेक शहरांत पसरले. उपाहारगृहवाल्याला त्यांनी 'तुझा धंदा तसाही बंद आहे, फुकट दे' असे सांगितले नाही. बंद आहे म्हणूनच त्याला पैसे दिले, म्हणजे त्याचे स्वयंपाकी कामावर राहिले. एका रुपयाने दोन कामे केली.

पण तिकडेही गंमत पाहा. त्याच एप्रिल महिन्यात विस्कॉन्सिनचे गवळी दूध ओतून देत होते आणि आयडाहोत बटाट्यांचे ढीग फुकट न्या म्हणून रचले होते. शेतकरी कुठलाही असो, संकटात साखळीचे शेवटचे टोक तोच असतो. आपल्या डबा निधीने एवढेच केले की पैसा त्या शेवटच्या टोकापर्यंत नेला. हे काम लहान आहे, पण ते शेतकऱ्यांच्या संघटनेने केले नाही तर कोण करणार?

मूठ आणि क्रेट

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. तरुण मित्र म्हणतात, शेतकरी काय एवढा कंगाल आहे का, की त्याने काही देऊच नये? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी रयतेने घराघरातून मूठ मूठ धान्य दिले. तो मुष्टिफंड काय भीक होती?

मुळीच नाही. पण मूठ आणि क्रेट यांतला फरक समजून घ्या. मूठ घरातल्या कणगीतून येते. माल पिकला, घरात आला, आपला झाला. त्यातून आपण आपल्या राजीने दिले. ते दान आहे, आणि ते देण्यात शेतकरी कधी मागे राहिलेला नाही. क्रेट मात्र तोट्याच्या शेतातून येते. त्याला दाम मिळत नाही म्हणून ते फुकट मागितले जाते. फुकट दिल्यावर उद्या तोच व्यापारी, तोच अधिकारी म्हणतो, 'तुम्ही वाटूनच टाकता की, मग भाव कशाला मागता?' 'बळीराजाची भेट' असे डब्यावर लिहिले की खाणाऱ्याचे डोळे पाणावतात, आणि पिकवणाऱ्याचा तोटा त्या अक्षरांखाली झाकला जातो. मला तो झाकायचा नाही. मला तो साठ रुपयांच्या कागदावर मांडायचा आहे.

त्या मावशींचे पुढे काय झाले ते सांगतो आणि संपवतो. चिठ्ठीत त्यांचा नंबर बाराव्या दिवशी लागला. आधी फुकट नेलेल्या वांग्यांचेही पैसे आम्ही हिशेब करून दिले. चारही गावांत ज्यांच्याकडून नेले होते त्या सगळ्यांना दिले, कार्यकर्त्यांच्या खिशातून, निधीतून नव्हे. मावशींनी नोटा दोनदा मोजल्या, कमरेला लावल्या. मी निघालो तसे त्यांनी हाक मारली. पन्नासची नोट काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही माझी वर्गणी. वहीत नाव लिवा. आता मी दिली, आधी तुमी नेली हुती."

देण्यासाठी आधी आपले काही असावे लागते. ते आपले आहे हे घेणाऱ्याने कबूल करावे लागते. याहून जास्त मला काही सांगायचे नाही.

म्हणून सभेपुढे माझी सूचना अशी. एक, शिल्लक 11,400 रुपये निधीतच ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी पहिल्या दिवसाचा डबा उसना काढावा लागणार नाही. दोन, माल उत्पादन खर्चाच्या दराने, चिठ्ठ्या टाकून विकत घ्यावा. ज्या शेतकऱ्याला द्यायचे आहे त्याने पैसे हातात पडल्यावर वर्गणी म्हणून द्यावे, आणि कोणी त्याला त्यासाठी विचारू नये. तीन, पाळीवर जेवढी माणसे तेवढे डबे. चार, रांधणाऱ्याला रोजगार हमीच्या दरापेक्षा कमी मजुरी नाही. पाच, हिशेब रोजच्या रोज फळ्यावर.

तरुण मित्रांची सूचनाही सभेपुढे आहे. दोन्हींवर मोकळेपणाने बोला, मग हात वर करा. माझी सूचना पडली तर मी तुमच्याबरोबर टेंपोत बसेन. फक्त त्या बांधावर वांगी मागायला मला पाठवू नका.

एवढे बोलून मी थांबतो.